रेडचं गियर: आधी हिट, मग ताकद, रंग सगळ्यात शेवटी

इथले सगळे आकडे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या क्लासिक आवृत्तीचे आहेत: 60 लेव्हल, 40 जणांची रेड (मोठ्या बॉसवरची सामूहिक मोहीम), मोल्टन कोअरपासून नॅक्सरामसपर्यंत. बर्निंग क्रुसेड (पुढचा विस्तार) किंवा आजच्या रिटेलचा (गेमच्या चालू आवृत्तीचा) हिशेब वेगळा असतो. तिकडचे आकडे इकडे लावू नका, इकडचे तिकडे नेऊ नका.

नवा खेळाडू 60 झाला की हमखास दोन गोष्टी करतो. अंगावरचं निळं (दुर्मिळ दर्जाचं) काढून मिळेल ते जांभळं (त्याहून वरच्या, एपिक दर्जाचं) चढवतो, नाहीतर कुठली तरी 'बेस्ट' गियरची यादी उघडून डोळे मिटून तिच्या मागे लागतो. दोन्हींत पैसे आणि डीकेपी (लूट घेण्यासाठी खर्चायचे गिल्डचे पॉइंट) वाया जातात. एखाद्या स्टॅटची किंमत तुमच्याकडे आधी काय आहे त्यावर ठरते. हिट (घाव चुकण्याची शक्यता कमी करणारा स्टॅट) कमी असलेल्याला 2% हिटचा निळा तुकडा सोन्याचा असतो. ज्याचं हिट भरलंय, त्याला तोच तुकडा फुकट मिळाला तरी उपयोग नाही.

कवटी म्हणजे 63

ज्या बॉसच्या लेव्हलच्या जागी कवटी दिसते, तो गेमच्या हिशेबात तुमच्यापेक्षा तीन लेव्हल वर, म्हणजे 63 चा धरला जातो. बाहेर 60 च्या राक्षसावर तुमचे घाव नीट बसतात आणि मोल्टन कोअरच्या रॅग्नारोससमोर सारखं 'मिस' दिसतं, त्याचं कारण हेच. म्हणून गियर तपासायचं ते नेहमी 63 समोर धरून. ट्रेनिंग डमी नाहीत, डुएलमधले आकडे कामाचे नाहीत.

तलवार-कुऱ्हाडवाले: वॉरियर, रोग, हंटर

तुमचं वेपन स्किल (त्या प्रकारच्या शस्त्रातला सराव) 300 असेल तर 63 च्या बॉससमोर घाव चुकण्याची शक्यता 8% असते. त्यात आणखी एक फाटा आहे: बॉसचा बचाव आणि तुमचं स्किल यांतला फरक एवढा मोठा असला की गियरवरच्या हिटमधला पहिला 1% गळून पडतो. म्हणून लक्ष्य 9%. स्किल 305 असेल तर चुकणं 6% वर येतं, पहिला टक्काही गळत नाही, आणि 6% हिट पुरतं. टॅलेंटमधून (पॉइंट लावून निवडायच्या कौशल्यांतून) मिळणारं यातून वजा करा. कॉम्बॅट रोगला प्रिसिजनचे पाच पॉइंट 5% देतात, म्हणजे गियरवर 4% उरलं. हंटरला शुअरफूटेडचे 3% मिळाले तर उरले 6%. फ्युरी वॉरियरला टॅलेंटमधून काही नाही, सगळं अंगावरच्या कपड्यांतून काढायचं.

हा आकडा पिवळ्या घावांचा, म्हणजे बटण दाबून मारायच्या ब्लडथर्स्ट, सिनिस्टर स्ट्राइक वगैरेंचा. दोन हातांत दोन शस्त्रं असतील तर आपोआप पडणाऱ्या पांढऱ्या घावांना वर आणखी 19% चुकण्याचा दंड असतो. म्हणून पिवळ्यांचं 9% भरल्यावरही जास्तीचं हिट वाया जात नाही, पांढऱ्यांना कामी येतंच. पण तिथून पुढे त्याची घाई राहत नाही. आता क्रिट (नेहमीपेक्षा जोराचा घाव बसण्याची शक्यता) आणि अटॅक पॉवर (घावांचा जोर) यांना पुढे येऊ द्या.

वेपन स्किलचा दुसरा फायदा बरेच जण विसरतात. 63 च्या बॉसवर पांढऱ्या घावांपैकी 40% घाव 'ग्लान्स' होतात: लागतात, पण अर्धवट, आणि त्यांचं क्रिट कधीच होत नाही. हे प्रमाण कशानेच कमी होत नाही. कमी होतं ते त्यातलं नुकसान. स्किल 300 ला ग्लान्स झालेला घाव सरासरी 65% डॅमेज देतो, 305 ला 85%, आणि 308 ला 95%. म्हणजे पहिल्या पाच पॉइंटांत सगळ्यात मोठी उडी, पुढे फायदा झपाट्याने आटतो. ह्यूमनला तलवार आणि गदेचे 5 जन्मजात मिळतात, ऑर्कला कुऱ्हाडीचे. म्हणून तलवारवाल्या ह्यूमनने ऑक्शन हाउसवरचे एजमास्टर्स हँडगार्ड्स महागात घेणं हा आमच्या मते शुद्ध हौसेचा खर्च. नाइट एल्फ, ट्रोल किंवा टॉरेनने तलवार, कुऱ्हाड किंवा खंजीर घ्यायचं ठरवलं असेल तर मात्र त्या हातमोज्यांचे 7 पॉइंट जवळपास दुसऱ्या शस्त्राइतकेच मोलाचे आहेत.

आणि हो, नवीन प्रकारचं शस्त्र हातात घेतलं की त्याचं स्किल 1 पासून सुरू होतं. रात्री लूट मिळालेली गदा तशीच दुसऱ्या दिवशी रेडला आणली तर निम्मे घाव हवेत जातात. आधी 300 करून घ्या. कॅरेक्टर खिडकीत स्किल्सच्या टॅबमध्ये आकडा दिसतो.

निळी विजार, जांभळी विजार

आता एक तुकडा जवळून बघू. डेव्हिलसॉर लेगिंग्जवर 46 अटॅक पॉवर आणि 12 स्टॅमिना, गॉंटलेट्सवर 28 अटॅक पॉवर आणि 9 स्टॅमिना. दोन्ही एकत्र घातले की सेटचं 2% हिट. दोन्ही निळे, दोन्ही लेदरवर्करकडून शिवून मिळतात, आणि चामडं असलं तरी वॉरियर घालू शकतो. वॉरियरला 1 स्ट्रेंग्थचे 2 अटॅक पॉवर मिळतात, म्हणजे या 74 अटॅक पॉवरला तोलायला 37 स्ट्रेंग्थ लागेल, वर 2% हिट. मोल्टन कोअरमधून टँकसाठी (बॉसचा मार अंगावर घेणाऱ्यासाठी) बनलेलं प्लेट मिळालं आणि त्यावर 15-20 स्ट्रेंग्थ, ढीगभर स्टॅमिना आणि डिफेन्स असेल, तर डॅमेज करणाऱ्याने ते पिशवीत ठेवावं. 'वॉरियर असून चामडं घालतोस?' असं कोणी विचारलं तर डॅमेज मीटरकडे बोट दाखवा. मार खाणं हे तुमचं काम नाही. बॉस तुमच्याकडे वळला तर प्लेट असलं तरी फार वेळ टिकणार नाही.

शस्त्र निवडताना नुसता डीपीएस (सेकंदाला होणारा डॅमेज) बघू नका, वेग बघा. समान डीपीएसच्या दोन तलवारींपैकी जी हळू आहे तिचा एकेक घाव मोठा असतो. सिनिस्टर स्ट्राइकसारखे झटपट घाव शस्त्राच्या डॅमेजवर चालतात, त्यामुळे मुख्य हातात हळू तलवार धरा. अटॅक पॉवरचा वाटा अशा घावांत ठरावीक वेगाने मोजतात (खंजिराला 1.7, एकहातीला 2.4, दोनहातीला 3.3), म्हणून तिथे वेगाने फरक पडत नाही. पांढऱ्या घावांसाठी सूत्र सोपं: 14 अटॅक पॉवर म्हणजे 1 डीपीएस. ब्लडथर्स्ट शस्त्राकडे बघतच नाही, अटॅक पॉवरच्या 45% घेतं. फ्युरी वॉरियर अटॅक पॉवरवर एवढा का जगतो ते यातून कळेल.

क्रिटलाही कमाल मर्यादा असते

पांढऱ्या घावाचा निकाल एकाच फाशात लागतो. लोकलच्या बाकासारखंच ते: मिस, डॉज (बॉसने चुकवलेला घाव) आणि ग्लान्स आधी ऐसपैस बसतात, क्रिटच्या वाट्याला उरलेली चौथी सीट येते. 300 स्किल, 9% हिट, दोन शस्त्रं आणि बॉसच्या मागे उभे असाल तर हिशेब असा: मिस 19, डॉज 6.5, ग्लान्स 40. एकूण 65.5. क्रिटला राहिले 34.5%. वर 63 च्या बॉससमोर तुमच्या कॅरेक्टर शीटवरच्या क्रिटमधून सुमारे 4.8% वजा होतात. तेव्हा शीटवर साधारण 39% झालं की पांढऱ्या घावांना पुढचं क्रिट निरुपयोगी. पिवळ्यांना ते चालतं.

नुसत्या गियरवर हा आकडा लांब वाटतो, पण बफ (तात्पुरती मिळणारी वाढ) धरा. ओनिक्झियाचं डोकं शहरात टांगलं की मिळणारा बफ 5% क्रिट देतो, फेलवुडचं साँगफ्लॉवर 5%, मंगूस एलिक्झिर 2% आणि वर 25 ॲजिलिटी (वॉरियरला 20 ॲजिलिटीचा 1% क्रिट). सगळं लावून जाणाऱ्या गिल्डमधला वॉरियर इथे सहज पोचतो, आणि मग त्याने क्रिटऐवजी हिट किंवा अटॅक पॉवर घ्यावी. बफशिवाय जाणाऱ्या गिल्डमध्ये याच तुकड्यांचा क्रम उलटा लागतो. 'बेस्ट' याद्या बहुतेक सगळे बफ गृहीत धरून बनवलेल्या असतात, आणि वंशही बहुधा ह्यूमन किंवा ऑर्क धरलेला असतो. यादी वाचण्याआधी तिच्या वरच्या चार ओळी वाचा.

मागे उभं राहणं हाही स्टॅटच समजा. समोरून मारलं की बॉस 14% घाव पॅरी करतो, म्हणजे अडवतो, आणि प्रत्येक पॅरीनंतर त्याचा पुढचा घाव टँकवर लवकर पडतो. समोर उभा राहणारा रोग स्वतःचा डॅमेज घालवतोच, टँकलाही मारतो.

जादूवाले: मेज, वॉरलॉक, शॅडो प्रीस्ट

63 वर मंत्र लागण्याची मूळ शक्यता 83%. गियर आणि टॅलेंट मिळून 16% भरता येतं, शेवटचा 1% कायम चुकतो. मेजला एलिमेंटल प्रिसिजनचे 6% मिळतात (फक्त आग आणि बर्फाला, आर्केनला नाही), गियरवर 10% लागतं. शॅडो प्रीस्टला शॅडो फोकसचे 10%, उरले 6%. वॉरलॉकची गोची अशी की सप्रेशनचे 10% फक्त ॲफ्लिक्शनच्या मंत्रांना मिळतात. शॅडो बोल्ट डिस्ट्रक्शनमधला आहे, त्याला पूर्ण 16% गियरवरून काढावं लागतं. म्हणून रेडमध्ये हिटचे कापडी तुकडे वाटताना वॉरलॉकला मेजच्या आधी विचारा.

1% हिट घ्यायचं की स्पेल डॅमेज (मंत्रांचा जोर वाढवणारा स्टॅट), हे असं ठरवा. मेजचा फ्रॉस्टबोल्ट मूळ 450 डॅमेजचा धरू. स्पेल डॅमेजचा 81.4% भाग त्यात मिळतो (3 भागिले 3.5, आणि शत्रूचा वेग कमी करण्याबद्दल 5% कपात). अंगावर 300 स्पेल डॅमेज असेल तर एक बोल्ट साधारण 694. प्रिसिजनमुळे 89% लागतंय, म्हणजे 1% हिटने एकूण डॅमेज सुमारे 1.1% वाढतो. तेवढंच वाढवायला 9 ते 10 स्पेल डॅमेज लागेल. 500 वर गेलात की तोच 1% सुमारे 12 स्पेल डॅमेजच्या बरोबरीचा होतो. गियर सुधारत जाईल तसं हिट महाग होत जातं, मग जिथे 16% भरलं तिथे एका क्षणात शून्यावर येतं. तेव्हा दोन अंगठ्या जास्तीच्या बाळगा: एक हिटची, एक नुसत्या डॅमेजची. नवा तुकडा मिळाला की अदलाबदल करून 16 वर थांबायचं.

मोल्टन कोअरमध्ये जाणाऱ्या मेजने फायरचा हट्ट सोडावा. तिथले बरेच प्राणी आगीला दाद देत नाहीत, रॅग्नारोस तर मुळीच नाही. फ्रॉस्ट घ्या आणि गियरही त्याप्रमाणे.

हीलर

इथे हिट, क्रिट वगैरे बाजूला ठेवा. प्रश्न 'माना'चा, म्हणजे मंत्र टाकायला लागणाऱ्या इंधनाचा आहे: बॉसचा शेवटचा 20% जीव उरला असताना बाटली रिकामी नको. मंत्र टाकून माना खर्च झाला की पुढचे 5 सेकंद स्पिरिटमधून मिळणारा माना बंद. 'एमपी5' (गियरवरून दर 5 सेकंदांना मिळणारा माना) मात्र कायम चालू राहतो. प्रीस्टचं उदाहरण घ्या. 200 स्पिरिट असेल तर दर दोन सेकंदांना 13 अधिक स्पिरिटचा चौथा भाग, म्हणजे 63 माना, पाच सेकंदांना सुमारे 157. पण हा शांत बसल्याचा आकडा. सतत हील करताना मेडिटेशनच्या टॅलेंटने त्यातले फक्त 15% मिळतात, सुमारे 24. तेव्हा स्पिरिट कितीही मोहक दिसलं तरी जो हीलर थांबतच नाही, त्याला 8-10 एमपी5 चा तुकडा बरा. ज्याला मध्ये दहा-बारा सेकंद हात आखडता घेण्याची सवय आहे, त्याचं गणित उलटं.

पॅलाडिन आणि शामनला स्पिरिटचं एवढं देणंघेणं नाही, त्यांनी प्लस हीलिंग (हीलचा जोर वाढवणारा स्टॅट) आणि एमपी5 बघावं. वरच्या रँकचा (पायरीचा) हील कायम मारू नका. प्लस हीलिंग जसजसं वाढतं तसे मधल्या रँकचे हील कमी मानात जास्त काम करतात. फक्त लेव्हल 20 च्या खालचे रँक टाळा, त्यांना प्लस हीलिंगमधला वाटा कापून मिळतो.

टँक

बॉसच्या क्रिटपासून पूर्ण सुटका हवी तर डिफेन्स 440 लागतं. मूळ 300, ॲन्टिसिपेशनच्या टॅलेंटचे 10, राहिलेले 130 गियरवर. गणित सरळ आहे: 63 चा बॉस 5.6% वेळा क्रिट करतो, एक डिफेन्स 0.04% कमी करतं. 440 गाठायला पूर्ण अंग डिफेन्सने मढवावं लागतं, आणि मग थ्रेट (बॉसचं लक्ष टँकवर धरून ठेवणारा जोर) मरतो. मागचे डॅमेजवाले हात बांधून उभे राहतात. मोल्टन कोअरसाठी सगळ्यांनी 440 गाठलंच पाहिजे, हा आग्रह आमच्या मते चुकीचा. हीलर चांगले असतील तर 400 च्या आसपास राहून थोडं हिट आणि स्ट्रेंग्थ घ्या. ज्या बॉसचा एक क्रिट टँकला एका घावात झोपवतो, तिथे बॅगेत पूर्ण डिफेन्सचा दुसरा सेट असू द्या. 63 चा बॉस 15% वेळा दीडपट जोराचा 'क्रशिंग' घावही मारतो. तो डिफेन्सने जात नाही, शील्ड ब्लॉक वेळेवर दाबूनच टाळायचा. म्हणजे तो गियरचा नाही, हाताचा प्रश्न.

आर्मरचं सूत्र: आर्मर भागिले (आर्मर अधिक 5755). 8000 आर्मरला 58%, 9000 ला 61%. वरची मर्यादा 75%.

आग, विष, बर्फ

प्रतिकाराचे कपडे आयुष्यभर घालायचे नाहीत, त्या त्या बॉसपुरते. 63 समोर 315 रेझिस्टन्सला सरासरी 75% डॅमेज कापला जातो, तिथून पुढे काही मिळत नाही. 150 ला सुमारे 36%. रॅग्नारोसजवळच्या तलवारवाल्यांना आगीचा, अहन'किराजमध्ये प्रिन्सेस हुहुरानजवळच्या 15 जणांना निसर्गाचा, नॅक्सरामसमध्ये सॅफिरॉनला सगळ्यांनाच बर्फाचा रेझिस्टन्स लागतो. ग्रेटर फायर प्रोटेक्शन पोशन 1950 ते 3250 आग पिऊन टाकतं, ते दोन तुकड्यांचं काम करतं.

एक गोष्ट ना यादीत दिसते ना सिममध्ये (गियरचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये): ओनिक्झिया स्केल क्लोक. ब्लॅकविंग लेअरमध्ये फायरमॉ आणि त्याच्या भावंडांपासून नेफेरियनपर्यंत शॅडो फ्लेम येते, आणि तो शेला नसेल तर एका श्वासात जमीनदोस्त. लेदरवर्करकडून आधीच करून घ्या. रेडच्या दिवशी कातडी शोधत फिरणाऱ्यासाठी 39 जण थांबत नाहीत.

मुंबईतून खेळताना

युरोपच्या सर्व्हरवर रेड रात्री 8 ला असेल तर इथे हिवाळ्यात रात्री 12.30, उन्हाळ्यात 11.30. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं हलतात, तेव्हा आपल्या वेळा तासाने सरकतात. त्या आठवड्यात गिल्डच्या कॅलेंडरवर पुन्हा बघा, नाहीतर इन्व्हाइट निघून जातील आणि तुम्ही जेवणावर बसलेले असाल. सिडनीच्या सर्व्हरवर रात्री 8 म्हणजे आपल्याकडे दुपारचे 2.30 किंवा 3.30, नोकरदाराला फक्त शनिवार-रविवार जमणारं. पहाटे तीनला झोपून सकाळची चर्चगेट फास्ट पकडायची असेल तर आठवड्यात एकच रात्र हाती लागते. मग लूटच्या भरवशावर राहू नका. डेव्हिलसॉर, लायनहार्ट हेल्म (18 स्ट्रेंग्थ, 2% क्रिट, 2% हिट) अशा बनवून घ्यायच्या वस्तूंना सोनं आधी लावा.

पिंगचा आकडा मुख्य मेनूच्या बटणावर कर्सर धरला की दिसतो: होम आणि वर्ल्ड असे दोन. खरा तो वर्ल्डचा. स्पेल क्यू विंडो मूळ 400 मिलिसेकंद असते, म्हणजे मंत्र संपायच्या तेवढा आधी पुढचं बटण दाबलं तरी गेम ते धरून ठेवतो. कमी पिंगवाल्या परदेशी खेळाडूंचे सल्ले ऐकून ती 100 वर आणू नका. इथून जाणाऱ्या पिंगला तेवढी जागा लागतेच. पावसाळ्यात राउटरला छोटा यूपीएस जोडून ठेवा. टँकची लाइन गेली की सगळ्यांचा वाइप, म्हणजे अख्खी रेड मेली.

रेड झाल्यावर

लॉग (रेडमधल्या घावांची नोंद) उघडून स्वतःच्या नावाखाली पिवळ्या घावांचे मिस बघा. 9% भरलं असेल तर ते शून्य हवेत. तीन-चार दिसले तर कुठला तरी तुकडा मोजायचा राहिलाय, किंवा स्किल 300 नाही. पॅरी दिसतंय? तुम्ही समोर उभे होतात. डॉज सुमारे 6% असणारच, त्याने घाबरू नका. मेजच्या लॉगमध्ये पूर्ण रेझिस्ट 1% च्या आसपास हवेत. अर्धवट रेझिस्ट हिटमुळे होत नाहीत, बॉसच्या लेव्हलमुळे होतात, त्यासाठी गियर बदलू नका. हीलरने आपला ओव्हरहील (गरजेपेक्षा जास्त, वाया गेलेला हील) बघावा. 40-50% वर असेल तर प्लस हीलिंग वाढवण्याआधी रँक उतरवा.

पुढच्या रेडआधी दुरुस्ती करून घ्या, प्रत्येक मरणामागे अंगावरच्या वस्तूंचा 10% टिकाऊपणा जातो, आणि शून्यावर आलेला तुकडा कुठलाच स्टॅट देत नाही. एन्चांट (तुकड्यावर जादूने चढवायची वाढ) कायमच्या तुकड्यावर करा: शस्त्राला क्रूसेडर, मेजला 30 स्पेल डॅमेजचा, हीलरला 55 हीलिंगचा, बुटांना वेगाचा. दोन आठवड्यांत बदलायच्या निळ्या मनगटपट्ट्यावर महागडा एन्चांट लावू नका. छातीला +4 सगळ्या स्टॅटचा, हातमोज्यांना ॲजिलिटी किंवा स्ट्रेंग्थचा. जो तुकडा सहा आठवडे टिकेल असं वाटतं, त्यालाच पैसे.